रस्त्याखालची माती



महाबळेश्वरीं उगम पावून कृष्णा कराडवरून सांगलीकडे जाते. तिच्या कांठची काळी जमीन उसाला जितकी मानवते, तितकी ती रस्त्याला मानवत नाहीं. खडी व डांबर चांगलें असूनहि दोन पावसाळ्यांत रस्ता खचतो आणि आपण दोष वरच्या थराला देतों. दुखणें पुष्कळदां खालीं असतें.

ही माती बसाल्ट खडक झिजून झाली. तिच्यांतील माँटमोरिलोनाइट नांवाच्या खनिजाचे कण अभ्रकासारखे पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते. उन्हाळ्यांत तें निघून गेलें कीं ती आकसते व भेगाळते. याचा पडताळा शाळेंतहि घेतां येईल. वाळलेल्या मातीची बारीक चाळलेली पूड दोन मोजनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम घ्या. एकींत पाणी व दुसरींत रॉकेल भरून २४ तास ठेवा. रॉकेलांतील माती फुगत नाहीं, पाण्यांतील चढलेली दिसते. अभियंतेहि मातीचा फुगवटा याच रीतीनें अजमावतात.

या मातीला चुना हें जुनें औषध आहे. कळीचा चुना विरवून केलेली भुकटी मातीत मिसळली कीं तिचा चिकटपणा थोड्याच वेळांत कमी होऊन ती भुसभुशीत होते. पुढें चुना, पाणी आणि सिलिका यांच्या संयोगानें सिमेंटासारखा बंध तयार होतो. त्यास मात्र आठवडे लागतात. रोमन लोक चुन्यांत ज्वालामुखीची राख घालीत, आपले गवंडी विटांची सुरखी घालीत; तत्त्व एकच.

अशीच सिलिकायुक्त राख आपल्या दाराशीं आहे. रेठरें बुद्रुक, साखराळें, सांगली येथें साखर कारखाने आहेत. एक टन उसामागें सुमारें २५० ते ३०० किलो चिपाड निघतें. तें बहुतांशीं कारखान्याच्या बॉयलरांतच जळतें आणि मागें राखेचे ढीग उरतात. ही राख चुन्याच्या जोडीनें वापरली, तर टाकाऊ वस्तु कामीं येते आणि दुरून मुरूम आणण्याचा खर्चहि कांहीं अंशीं वांचूं शकतो.

परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. या राखेंत चुन्याचा अंश थोडा असतो. म्हणून नुसती राख पसरल्यानें माती बांधली जात नाहीं. अर्धवट जळलेली, कोळसा राहिलेली राख तर उपयोगाची नव्हे. सांगलीकडील क्षारपड जमिनींत सल्फेट असल्यास चुन्यानें माती उलट फुगूं शकते. म्हणून प्रत्येक ठिकाणची माती आधीं तपासूनच प्रमाण ठरवावें. माती फोडून बारीक करावी, चुना व राख सारखी मिसळावी, बेताचें पाणी देऊन रूळ फिरवावा आणि तो थर निदान सात दिवस ओलसर राखावा. कडेचें गटार तुंबलेलें असेल, तर हे सारे श्रम फुकट जातील.

गांवचा रस्ता तुटला म्हणजे ऊस शेतांत अडतो, बाळंतिणीची गाडी चिखलांत रुतते, आणि डागडुजीचा पैसा आपल्याच करांतून जातो. यास्तव पुढच्या वेळीं रस्त्याचें काम निघेल, तेव्हां डांबर किती जाड घालणार, एवढेंच विचारूं नका. खालची माती तपासली काय आणि पाणी कोठें काढणार, हेंहि विचारा.