खणाखणांचें घर



आमच्या परभणी जिल्ह्यांतील वृद्ध मंडळी घर चौरस फुटांत मोजीत नाहींत. ‘सात खणांचें घर’, ‘पांच खणांची ओसरी’ असेंच म्हणतात. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. भावाभावांच्या वांटण्या खणांनीं होत, आणि हातीं पैसा आला कीं घरास आणखी दोन खण जोडतां येत. हल्लीं ‘मोड्युलर’ या नांवानें जें घर नवलाई म्हणून दाखविण्यांत येतें, त्याचें मूळ सूत्र हेंच: एक माप ठरवावें व सारें घर त्याच्या पटींत मांडावें. माझा मुलगा सध्यां असें घर बांधावयास निघाला आहे, म्हणून हा विषय मीं आज घेतला.

आमचें जुनें घर गोदाकांठच्या खेड्यांत होतें. भिंती दोन हातांच्या, दगडमातीच्या. वर माळवद, म्हणजे तुळया, कड्या, किलच आणि त्यांवर फूटभर पांढरी माती. वैशाखाच्या दुपारीं बाहेर झळा लागत असतां माजघरांत सुखानें झोंप येई. यांत जादू कांहीं नव्हती. जाड माती उष्णता सावकाश शोषिते व सावकाशच पुढें देते. दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत रात्र होई, आणि तोंवर आम्ही सारे माळवदावर चांदण्यांत निजलेले असूं.

परंतु हीच माती जीवघेणी ठरते. दहा फूट लांबरुंद छतावर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांहून अधिक ओझें. शिवाय गळती लागली कीं नवा थर पडतो, जुना मात्र कोणी काढीत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. बहुतेक सारीं दगडमातीच्या भिंती आणि माळवदें यांखालीं चिरडून. मात्र जेथें छताचा भार भिंतींवर नसून लांकडी खांबांवर होता, तेथें भिंती ढांसळूनहि पुष्कळ ठिकाणीं छत उभें राहिलें. भिंत गेली, पण खण वांचला! त्या पहांटे आमच्याहि घरचीं भांडीं वाजलीं, आणि त्या दिवसापासून माझ्या आईनें माजघरांत निजणें सोडलें तें कायमचें.

त्या धास्तीनेंच मीं पुढें परभणी शहरांत काँक्रीटच्या छताचें घर बांधलें. पडण्याची भीति गेली व भाजण्याचें दुःख आलें. चार-पांच इंच काँक्रीटमधून उष्णता दोन-तीन तासांतच आरपार होते. त्यांत शोभेसाठीं मीं पश्चिमेस मोठी खिडकी ठेविली! घरांतील मंडळी त्या खोलीस ‘तवा’ म्हणतात. तेथें उन्हाळाभर कूलर चालतो. त्याला वीज लागते आणि पाणीहि लागतें, आणि मे महिन्यांत आमच्याकडे पाण्याची काय अवस्था असते हें मीं सांगावयास नको.

तेव्हां मुलाच्या घरापुढील प्रश्न असा कीं, आजीच्या घरचा गारवा हवा, पण तिच्या डोक्यावरचें ओझें नको.

वास्तुविशारदानें पहिल्या दिवशीं नकाशा काढलाच नाहीं. काठी रोवून सावली मोजावयास सांगितली. परभणी उत्तर अक्षांश १९ च्या किंचित् वर आहे. २१ जूनच्या माध्यान्हीं येथें सूर्य डोक्यावरून चार अंश उत्तरेस असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजापासून केवळ ४७ अंशांवर येतो. भूगोलाच्या तासाला हें मीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें, आणि स्वतःचें घर बांधतांना साफ विसरलों. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर उन्हाळ्यांत माध्यान्हीचें ऊन आंत शिरत नाहीं, आणि डिसेंबरांत खिडकीचा जवळजवळ निम्मा भाग उन्हानें उजळतो. पश्चिमेचा सूर्य आडवा येतो, त्यास छज्जा काय करणार? तिकडे जिना, कोठी व न्हाणीघर, आणि बाहेर कडुनिंब.

खरें ऊन येतें तें छतावाटे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या २०१८ च्या ‘ईको निवास संहिते’त छतांतून दर चौरस मीटरास, तपमानाच्या दर अंशाच्या फरकामागें, १.२ वॅटहून अधिक उष्णता जाऊं नये असें म्हटलें आहे. उघड्या काँक्रीटच्या बाबतींत हें मान तीनच्या वर जातें. माझ्या ‘तव्या’वर आतां उष्णतारोधक थर व त्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी घालावयाची आहे. मुलाचें छत मात्र दोन पत्र्यांमध्यें उष्णतारोधक द्रव्य भरलेल्या तयार फळ्यांचें. दहा फूट लांबरुंद जागेवर त्याचें वजन दीडशे किलोंच्याहि आंत! माळवदावरचें चांदणें गेलें, याचें मला वाईट वाटतें.

सबंध घरच कारखान्यांतून तयार आणण्याचा मुलाचा बेत होता. तो मीं मोडला, व वास्तुविशारदानें मला दुजोरा दिला. हलकी भिंत ऊन अडवील, पण रात्रीचा गारवा दिवसासाठीं सांठवून ठेवणार नाहीं. त्यास जड भिंतच हवी. म्हणून खांब-तुळया पोलादाच्या, कारखान्यांत बनून येणाऱ्या. भिंती विटांच्या, पण खांबांशीं सळ्यांनीं जखडलेल्या, म्हणजे हादरा बसला तरी आंत कोसळूं नयेत. भारतीय मानकाची घटक-वीट १९० मिलिमीटर लांब. दर्जेसह २०० धरावी. खांबांमधील जागा तीन मीटर ठेविली कीं एका थरांत बरोबर पंधरा विटा बसतात, एकहि तोडावी लागत नाहीं.

जुनें गांव ‘पांढरी’वर होतें, ही नवी जागा काळ्या मातीची. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि वरचें घर हलकें असो वा जड, त्यास तडे पाडते. म्हणून प्रत्येक खांबाखालीं, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें रूढ केलेले, तळाशीं कंदासारखे फुगीर असे खोल पाये घेतले आहेत. खर्च येथेंच वाढला, आणि येथें काटकसर मीं करूं दिली नाहीं.

प्रथम पांच खण उभे राहतील. आणखी दोन खणांचे पाये आतांच घालून ठेवीत आहोंत. त्यांवरील भिंती धाकट्याचें लग्न ठरल्यावर. जुन्या घराच्या सागवानी तुळया गाडींत घालून आणिल्या आहेत, त्या ढेळजेस लागतील.