वाट न चाललेला वाटाड्या

अनोळखी गडावर किंवा जंगलात जायचे असले, की पायथ्याच्या गावातून एखादा वाटाड्या बरोबर घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. हा वाटाड्या नुसती दिशा दाखवत नाही. कोणत्या ओढ्याला आज पाणी असेल, कोणती पायवाट दरड पडून मोडली आहे, अंधार पडायच्या आत कुठवर पोहोचता येईल, हे सगळे त्याला ठाऊक असते. कारण त्या वाटेवर तो स्वतः चाललेला असतो.

आज आपल्या मोटारीत बसलेला वाटाड्या मात्र वेगळा आहे. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असे तो न थकता, न चिडता सांगतो. त्याच्यामुळे परक्या शहरात रात्री-अपरात्री पत्ता सापडतो आणि गावाहून नुकत्याच आलेल्या टॅक्सीचालकाला पहिल्या दिवसापासून धंदा करता येतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या बाईला दर चौकात अनोळखी माणसाला रस्ता विचारावा लागत नाही. हे उपकार थोडे नाहीत. पण हा वाटाड्या त्या वाटेने कधीच गेलेला नसतो आणि नेमके हेच आपण विसरतो. म्हणून त्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे समजून घेणे आपल्या जिवासाठी गरजेचे झाले आहे.

आधी त्याला काय कळते ते पाहू. वर आकाशातून उपग्रह आपली मोटार बघत असतो आणि तोच रस्ता दाखवतो, असे पुष्कळांना वाटते. तसे काही नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि दिवसातून साधारण दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करतात. त्यांच्यात अतिशय अचूक अशी आण्विक घड्याळे असतात. ‘मी आत्ता अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत’, एवढाच निरोप ते रेडिओलहरींवरून अखंड पाठवत असतात. आपल्या मोबाइलने तो निरोप नुसता ऐकायचा आणि बाकीचा हिशेब स्वतः करायचा.

हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी ऐकू आला यावरून ती किती लांब पडली, हे आपण ताडतो. तसाच उपग्रहाचा निरोप पोहोचायला किती वेळ लागला, यावरून मोबाइल त्याचे अंतर काढतो. फरक इतकाच की रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. त्यामुळे घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात तीनशे मीटरची चूक होते. तीन उपग्रहांवरून जागा ठरू शकते. पण मोबाइलचे घड्याळ इतके अचूक नसल्याने त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाचाही इथे रोजचा उपयोग आहे. त्या वेगाने आणि त्या उंचीवर फिरणारी घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून अधिक घोळ होईल.

ही यंत्रणा अमेरिकेने लष्करासाठी उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. सामान्य लोकांसाठीच्या लहरींमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये अमेरिकेने काढून टाकली आणि मगच ती मोटारींच्या खऱ्या उपयोगाची झाली. आपल्या ‘इस्रो’नेही २०१३ पासून उपग्रह सोडून ‘नाविक’ नावाची स्वतंत्र यंत्रणा उभारायला घेतली.

मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही आपली जागा पाचेक मीटरच्या आत सांगतो. कौतुकाची गोष्ट आहे. पण पाच मीटर म्हणजे काय, याचाही विचार करावा. महामार्ग आणि त्याला लागून असलेला सेवा रस्ता यांत कधी कधी तेवढेच अंतर असते. उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा रस्ता यांत तर आडवे अंतर नसतेच, आणि उंची सांगण्यात जीपीएस अधिकच कच्चे. उंच इमारतींवर आपटून आलेल्या लहरी त्याला फसवतात; बोगद्यात तर त्या पोहोचतच नाहीत. अशा वेळी यंत्र अंदाज बांधते आणि जवळच्या रस्त्यावर आपला ठिपका नेऊन बसवते. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एक मोटार रात्री पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि ध्रुवतारा जेट्टीवरून खाडीत पडली. चालक महिला मोबाइलवरचा नकाशा पाहत निघाली होती, असे तेव्हा बातम्यांत आले. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवले.

उपग्रह फक्त जागा सांगतो. रस्ता सांगतो तो नकाशा. नकाशात रस्ते म्हणजे रेघा आणि चौक म्हणजे गाठी. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत जायला किती वेळ लागेल, याचे आकडे प्रत्येक रेघेवर मांडलेले असतात आणि सर्वांत कमी बेरजेची वाट यंत्र शोधते. अशी वाट शोधण्याची एक सुंदर रीत एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून वीस मिनिटांत काढली होती. आजच्या यंत्रांच्या मुळाशी तोच विचार आहे.

पण बेरीज कितीही बिनचूक असली, तरी मांडलेले आकडे खरे हवेत. वाहतुकीची कोंडी यंत्राला कळते ती रस्त्यावरच्या इतर मोबाइलच्या वेगावरून. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनमधल्या एका कलाकाराने ९९ मोबाइल एका हातगाडीत घालून रस्त्यावरून सावकाश ओढत नेल्याचे जगाला दाखवले. रस्ता रिकामा होता, नकाशावर मात्र तिथे कोंडीची लाल रेघ उमटली. याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे. पूल वाहून गेल्यामुळे रस्त्यावर कोणीच नसेल, तर तिथे कोंडीही दिसणार नाही. ती बातमी कोणी नकाशापर्यंत पोहोचवली नसेल, तर यंत्राच्या लेखी तो रस्ता मोकळाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अपुऱ्या पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता, नकाशात मात्र तो बदल आलेला नव्हता.

आपल्या मुलखात तर ऋतूप्रमाणे रस्ते बदलतात. पावसाळ्यात सखल पूल पाण्याखाली जातात, वरंध्यासारखे घाट अनेकदा वाहतुकीला बंद करावे लागतात. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली मोटार अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. नकाशातला पूल तिथे होता खरा, पण पाण्याखाली. दोघे पोहून बाहेर आले, एक जण बुडाला. हा पूल वर्षातले काही महिने पाण्यात असतो, हे आसपासच्या गावांत कोणीही सांगितले असते. विचारायला कोणी थांबले नाही. कारण उत्तर हातात आहे, अशी खात्री होती.

ही खात्री कुठून येते, याचेही थोडे उत्तर विज्ञानाने दिले आहे. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल, तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. तिथल्या एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवले, की या चालकांच्या मेंदूतल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या अवयवाचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. जागा आणि दिशा लक्षात ठेवण्याचे काम तिथे चालते. पुढे २०१७ मध्ये लंडनमध्येच आणखी एक प्रयोग झाला. स्वतः वाट शोधणाऱ्यांच्या मेंदूत, पुष्कळ फाटे असलेल्या रस्त्यावर शिरताना या भागाची हालचाल वाढत होती. नुसत्या सूचना पाळणाऱ्यांच्या मेंदूत ती वाढलीच नाही. यावरून मेंदू कायमचा बिघडतो असे म्हणता येणार नाही. पण सूचना ऐकताना आपण वाट शोधतच नसतो, एवढे नक्की. वाट चुकलेल्या माणसाला निदान आपण चुकलो हे कळते. सूचनेमागे जाणाऱ्याला तेही कळत नाही.

मग यंत्र बंद करून ठेवायचे का? मुळीच नाही. त्याचा सल्ला घ्यावा, निर्णय आपला असावा. निघण्यापूर्वी घरीच संपूर्ण रस्ता एकदा डोळ्यांखालून घालावा. वाटेत कोणती मोठी गावे लागतील, कोणती नदी कुठे ओलांडायची, घाट कोणता, एवढ्या चार-पाच खुणा लक्षात ठेवल्या, की चुकीचे वळण आले तर मनात शंका येते. ही शंका फार मोलाची. रेंज नसलेल्या भागासाठी नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. २०२० पासून आपल्या मोटार वाहन नियमांनी गाडी चालवताना मोबाइल वापरायला मुभा दिली आहे ती फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि तीही लक्ष विचलित होऊ न देता. तेव्हा शेजारी कोणी असेल, तर नकाशा त्याच्याकडे सोपवणे उत्तम.

रात्र असेल, पाऊस असेल आणि दहा मिनिटे वाचवण्यासाठी यंत्र डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लावत असेल, तर ती दहा मिनिटे सोडून द्यावीत. पुढे पाणी दिसले, की ते किती खोल आहे याचा अंदाज करत बसू नये, थांबावे. संकटात ११२ क्रमांक लावावा. आणि नाक्यावर चहाची टपरी उघडी दिसली, तर काच खाली करून एकदा विचारावे, ‘काका, पुढचा पूल चालू आहे ना?’ या प्रश्नाचे उत्तर वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाजवळ नाही. ते त्या टपरीवाल्याजवळ आहे.