शेगडीची काच सांधत का नाही?

बोरिवलीतल्या आमच्या ओट्यावर परवा रात्री फटाक्यासारखा आवाज झाला. शेगडी बंद होती, तरी तिची काच साबुदाण्यासारखी विखुरली.

ही टफन्ड काच. सुमारे 620 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला मागाहून आकसताना त्याला आवळून धरतो. या ताणामुळेच ती साध्या काचेहून चौपट मजबूत होते. पण कुकर आपटून कडेला पडलेली बारीक चीर आतल्या थरापर्यंत सरकली, की साठलेला सगळा ताण क्षणात सुटतो. म्हणून तिला चिकटवणं नाही, बदलणंच.

आधी रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा कॉक बंद करा, पायात चपला घाला, मगच झाडू हाती घ्या. नवी काच भोकं पाडलेलीच घ्या. टफन केलेल्या काचेला भोक पाडायला गेलात तर तीही फुटेल.

इंडक्शनवरची काच-सिरॅमिक वेगळी. हा प्रकार 1953 साली अमेरिकेत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी चुकून 900 अंशांवर गेल्याने सापडला. ती विखुरत नाही, तडकते, आणि उतू गेलेलं दूध त्या चिरेतून थेट विजेपर्यंत पोचतं. मुलुंडला आई अशीच तडकलेली शेगडी वापरते. रविवारी जाऊन ती बंद करायची आहे.