२८३ डाव

लास वेगासला जाताना स्वेटर न्यावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जून महिना, बाहेर त्रेचाळीस अंश, रस्त्यावर चपलेचा तळवा मऊ पडतो की काय असं ऊन. आणि कॅसिनोच्या आत दूध नासू नये म्हणून ठेवावी तशी थंडी. सकाळी सून म्हणाली होती, "आई, माझं जॅकेट न्या." सांगलीची बाई, एप्रिल-मे काढलेली, मी ऐकलं नाही. साडेअकराला दात वाजायला लागले आणि त्यानंतर पुढचे अकरा तास मी ओढणी खांद्यावर गच्च लपेटून पोकर खेळले.

आम्ही सात जण होतो. लेक, सून, नऊ वर्षांची नात, विहीण-व्याही, आमचे हे आणि मी. बे एरियातून मोठी गाडी करून नऊ तासांत वेगास. कार्यक्रम ठरलेला: पहिल्या दिवशी कारंजी आणि रोषणाई, दुसऱ्या दिवशी हूवर धरण, तिसऱ्या दिवशी परत. त्या दुसऱ्या दिवसातून मी अंग काढून घेतलं. उन्हाळ्यात तिथे जागतिक पोकर स्पर्धांचा हंगाम असतो आणि त्या गर्दीच्या जोरावर बाकीचे मोठे कॅसिनोही आपापल्या स्पर्धा लावतात. त्यातल्या एकीची ४०० डॉलरची प्रवेश फी लेकाने माझ्या एकसष्टीची भेट म्हणून भरली. रुपयांत पस्तीस हजारांच्या आसपास. ह्यांनी आकडा ऐकला आणि दिवसभर "बरं बरं" एवढंच बोलले.

पत्ते मला नवे नाहीत. मे महिन्यात मेंढीकोट, लग्नघरी रमी, दिवाळीत तीन पत्ती हे सगळं आमच्या घरी रीतसर चालायचं. पोकर लेकाने शिकवला, लॉकडाऊनमध्ये, व्हिडिओ कॉलवर, खोट्या पैशांच्या ॲपवर. भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळणं आता २०२५च्या कायद्याने बंदच झालंय. राहतात त्या मुख्यतः गोव्यातल्या मांडवीवरच्या बोटी. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. एकही कॅसिनो न उघडता तो सत्तेचाळीस वर्षं पुस्तकात पडून राहिला आणि २०२३ साली रद्द झाला.

माझी खरी तयारी मात्र वेगळीच होती. मी एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होते.

नावनोंदणीला पासपोर्ट लागला. हातात चिठ्ठी मिळाली: टेबल ४७, खुर्ची ६. आत गेले तर मंगल कार्यालयाची दहा सभागृहं एकाला एक जोडावीत एवढा हॉल आणि त्यात एकच आवाज. हजारो चिप्स बोटांत खेळवल्याचा. वाळक्या चिंचोक्यांचं पोतं कुणीतरी सतत हलवत असावं तसा. प्रत्येकाला ४०,०००च्या चिप्स. हे पैसे नव्हेत. खिडकीवर नेऊन दिले तर एक सेंट मिळणार नाही. संपल्या की तुम्ही उठायचं, एवढीच त्यांची किंमत.

खेळ थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे. मग टेबलाच्या मध्यभागी तीन पत्ते उघडतात, मग एक, मग आणखी एक. फ्लॉप, टर्न, रिव्हर. या सातांतले उत्तम पाच तुमचे. प्रत्येक टप्प्याला बोली. आणि दर डावाला दोघांनी पत्ते न बघता आधीच चिप्स घालायच्या, त्याला ब्लाइंड म्हणतात. ही सक्तीची वर्गणी दर अर्ध्या तासाने वाढते. भिंतीवरचं मोठं घड्याळ ते सांगत असतं. घरभाडं दर अर्ध्या तासाला वाढत जावं आणि पगार मात्र नशिबावर असावा, तसं हे गणित. नुसतं बसून राहिलात तरी संपता.

मी पहिला तासभर पत्त्यांकडे कमी आणि डीलरच्या हातांकडे जास्त बघत होते. डीलर पन्नाशीची फिलिपिनो बाई. आधी तिने सगळी बावन्न पानं टेबलावर पालथी पसरली आणि दोन्ही तळव्यांनी गोल गोल कालवली, थालीपीठाचं पीठ परातीत फिरवावं तशी. मग गोळा करून पिसली, दोन गठ्ठ्यांच्या कडा एकमेकींत गुंतवून. पण पानं टेबलाला टेकलेली, वर अजिबात उचललेली नाहीत, म्हणजे खालचं पान कुणाला दिसायला नको. पुन्हा पिसली. मग गठ्ठ्याचे थर काढून वर-खाली केले. पुन्हा पिसली. शेवटी गठ्ठा प्लास्टिकच्या रंगीत पानावर कापून ठेवला. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत. आमच्याकडे पिसताना निम्मी पानं गालिच्यावर पडतात.

चिप्स मोजण्याची तर बातच वेगळी. कुणी ढीग पुढे सरकवला की ती तो उचलून मोजत नाही. ढिगातून पाच-पाच चिप्सच्या उतरंडी अंगठ्याने "कापत" जाते. पहिली पाच एकेक करून पसरून दाखवते, बाकीच्या उतरंडी तिच्या शेजारी उंचीला उंची लावून. वरच्या कॅमेऱ्यालाही मोजता यावं म्हणून. नोटांचं बंडल मोजताना मी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मोजायचे, त्याचीच ही बहीण. आणि अर्ध्या तासाने दुसरा डीलर आला तेव्हा तिने उठण्याआधी दोन्ही हात टेबलावर धरून एकदा टाळी वाजवली आणि तळवे उलटसुलट फिरवून दाखवले. काही लपवलेलं नाही. एकतीस वर्षं मी काउंटरवरून उठताना पेटीला कुलूप घातलं, पण हात कुणाला दाखवले नाहीत. मला ते इतकं आवडलं की माझ्यासमोर पत्ते येऊन पडलेत हे शेजारच्या म्हाताऱ्याला सांगावं लागलं.

हा शेजारी ओहायोचा, निवृत्त पोस्टमन. पलीकडे कानात हेडफोन घातलेला एक पोरगा, चोविशीचा असेल. तो चिप्सच्या दोन उतरंडी एका हाताने एकमेकींत विणायचा, उकलायचा, पुन्हा विणायचा. नऊ जणांत बाई मी एकटी. मधल्या सुट्टीत आयुष्यात प्रथमच एक दृश्य पाहिलं. पुरुषांच्या स्वच्छतागृहासमोर वळसे घेणारी रांग आणि बायकांचं रिकामं.

माझ्या पर्समधल्या छोट्या वहीत मी प्रत्येक डावाची रेघ ओढत होते. सवय. दिवसअखेर मोजल्या तर २८३ डाव. त्यातले मी आपण होऊन खेळले ४१. बाकी सगळे दोन पत्ते बघून डीलरकडे परत सरकवले. पोकर म्हणजे सिनेमात सिगारचा धूर आणि शेवटी टेबलावर आपटलेले एक्के. प्रत्यक्षात हे टाकून देण्याचं काम आहे. राणी-तिर्री, टाका. गुलाम-पंजी, टाका. एक्का-छक्की दिसायला गोड, पण तुमच्यानंतर सहा जण बोलायचे असतील तर तीही टाका. कंटाळून चांगला म्हणावा असा एखादा पत्ता धरून ठेवणारे पहिल्या चार तासांत उठून गेले. पोस्टमनही त्यातच गेला. जाताना टोपी उचलून मला शुभेच्छा देऊन गेला.

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. मला ती दुपारी दोनच्या सुमारास आली. छाती अशी धडधडली की ओढणी हलत असेल असं वाटलं. मी चिप्स वाढवल्या आणि एकेक करून सगळ्यांनी पत्ते टाकले. तीन तास गप्प बसलेली बाई अचानक पुढे सरसावली, तर कोण खेळेल? दिवसातल्या सर्वांत मोठ्या पत्त्यांवर मला फक्त ब्लाइंडची चिल्लर मिळाली.

खरी कमाई नव्व्यांनी दिली. चौकटची आणि किलवरची. तोवर माझ्या ४०,००० च्या ३१,००० झाल्या होत्या. टेक्सासच्या एका उंच गृहस्थाने बोली लावली, मी नुसती बरोबरी केली. अशा जोडीला फ्लॉपवर तिसरं पान मिळण्याची शक्यता साडेआठात एक. फ्लॉप उघडला तेव्हा मी पानांकडे बघितलंच नाही, त्याच्याकडे बघितलं. पानं कुठे पळून जात नाहीत. बँकेत फाटकी नोट बंडलात घुसवणारा माणूस मोजणी चालू असताना कुठे बघतो हे मला माहीत आहे. तेच इथे उपयोगी पडलं. त्याची नजर निमिषभर पत्त्यांवर आणि लगेच स्वतःच्या चिप्सकडे गेली. म्हणजे आवडलं त्याला. मग मी खाली बघितलं. चौकटचा राजा, इस्पिकची छक्की आणि बदामची नव्वी. त्याच्याकडे राजा होता हे आता उघड होतं. मी काही केलं नाही, टेबलावर बोटाने टकटक केली, म्हणजे "चेक". तो लावत गेला, मी देत गेले. टर्नला दुर्री आली तेव्हा त्याने माझ्या उरलेल्या सगळ्या चिप्सना पुरेल एवढं पुढे ढकललं. त्याचे पत्ते एक्का-राजा. रिव्हरला सत्ती. डीलरने ढीग माझ्याकडे लोटला आणि मी तो रचत बसले, पंचवीस-पंचवीसच्या उतरंडी, रंगवार. हेडफोनवाला पोरगा पहिल्यांदा हसला. "मॅम, तुम्ही बँकेत होतात का?"

पाचच्या सुट्टीच्या थोडं आधी हॉलच्या दाराशी ओळखीचा गुलाबी फ्रॉक दिसला. धरण बघून मंडळी परतली होती. नातीने हात हलवला, मीही. तेवढ्यात सुरक्षारक्षक आला. नेवाडात एकवीस वर्षांखालच्या कुणाला जुगाराच्या जागेत रेंगाळता येत नाही. कॅसिनोतून चालत पलीकडे जाता येतं, थांबता येत नाही. लेकाने तिला दंडाला धरून फिरवलं. नंतर कळलं, ती वाटेत विचारत होती, आजी एवढ्या चिप्स एकटी खाणार का.

आता थोडं या खुळाच्या उगमाबद्दल. १९७० साली बेनी बिनियन नावाच्या कॅसिनोवाल्याने डाउनटाउनमधल्या आपल्या हॉर्सशूमध्ये नामांकित खेळाडू बोलावले आणि ही जागतिक पोकर स्पर्धा सुरू झाली. तेव्हा बाद होत जाण्याची स्पर्धा नव्हतीच. खेळून झालं आणि सर्वांनी मत देऊन जॉनी मॉसला विजेता ठरवलं. मुख्य स्पर्धेची फी पुढे १०,००० डॉलर झाली आणि आजही तेवढीच आहे. खरा स्फोट झाला २००३मध्ये. टेनेसीचा ख्रिस मनीमेकर, व्यवसायाने अकाउंटंट, इंटरनेटवरच्या किरकोळ फीच्या पात्रता फेरीतून आला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. आडनाव खरंच मनीमेकर. जगभरच्या हिशेबनिसांना वाटलं, आपणही. २००६मध्ये ८,७७३ जण, २०२४मध्ये १०,११२. निकिता लूथर ही आपल्याकडची मुलगी २०१८ साली तिथून जोडीच्या स्पर्धेतलं विजेत्याचं ब्रेसलेट घेऊन आली. आमच्या स्पर्धेत ७४१ प्रवेश होते, त्यात बाद होऊन पुन्हा फी भरलेलेही धरलेले. ४०० डॉलरमधले साठ कॅसिनोचे, ही खरी खात्रीची मिळकत. पैसे मिळणार पहिल्या १११ जणांना. १११वा आला तर फीच्या दुप्पटही नाही. वर परदेशी माणसाने मोठं बक्षीस मारलंच तर त्यातून ३० टक्के कर तिथेच कापून घेतात.

रात्री पावणेअकराला १३८ जण उरले होते. माणसं कमी होत गेल्याने माझं टेबल तीनदा मोडलं होतं आणि योगायोगाने हेडफोनवाला पुन्हा समोर. ब्लाइंड ५,००० आणि १०,०००, शिवाय मोठ्या ब्लाइंडवाल्याने अँटी म्हणून आणखी १०,०००. म्हणजे एका फेरीला २५,०००. माझ्याकडे ९२,०००. साडेतीन फेऱ्या. आणखी २७ जण बाद झाले की मी बक्षिसात. साऱ्या हॉलचे चेहरे मुद्दलावर डोळा ठेवलेल्या ठेवीदारांसारखे झाले होते. कुणी हलत नव्हतं. सगळे टाकत होते. मी तर दिवसभर तेच करत आले होते.

मला इस्पिकचा एक्का आणि बदामचा राजा आला. मी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. दोन्ही हातांनी, कारण एका हाताने उतरंड कोसळली असती. पोरग्याने हेडफोन काढला. मिनिटभर माझ्याकडे बघितलं. मी डीलरच्या बोटांकडे बघत राहिले. "कॉल," म्हणजे बरोबरी. त्याच्याकडे दश्श्यांची जोडी. अशा डावात माझी बाजू शंभरात त्रेचाळीस-चव्वेचाळीस वेळा जिंकते. गुलाम, पंजी, दुर्री. मग राणी. आता न दिसलेल्या चव्वेचाळीस पानांत माझी आठ होती: तीन एक्के, तीन राजे, दोन दश्श्या. मी मोजून संपेपर्यंत तिर्री येऊन पडली होती.

टेबलाभोवती दोन-तीन जणांनी बोटांनी फेल्टवर ठोकलं, तो तिथला निरोप. पोरगा उठून उभा राहिला आणि हात पुढे केला. मीही केला, मग आठवण झाली आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून समोरच्या डीलरला दाखवले. डीलर हसला.

बाहेर लेक वाट बघत होता, हातात जॅकेट. मी पत्ते सांगितले. "बरोबर लावलंस आई, हजारदा हेच कर," म्हणाला. माझंही मत तेच आहे. अकरा तास टाकत राहायचं ते असे दोन पत्ते आल्यावर घाबरून टाकण्यासाठी नव्हे. ह्यांनी मात्र विचारलं, "म्हणजे बक्षीस नाहीच?" त्यांनी स्वतः स्लॉट मशिनमध्ये वीस डॉलर अकरा मिनिटांत घालवले होते, हे मला विहीणबाईंकडून कळलं.

सकाळी परत निघालो. गाडीत सगळ्यांनी धरणाचे फोटो दाखवले. हे म्हणाले, आपलं कोयना १०३ मीटर, हे त्याच्या दुपटीहून उंच. नातीने माहितीपत्रकातून बरोबर आकडा वाचला: २२१ मीटर. मी वही काढून बघितलं, एक्क्यांच्या जोडीपुढे मीच लिहिलेला आकडा तोच होता. धरण मात्र माझं बघायचं राहिलं.