पैशापैशाने पेटलेली भट्टी

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीची गोष्ट बहुतेक जण 1954 पासून सांगतात, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हापासून. एमआयडीसी त्यानंतरची, 1962 सालची. चाकणचा नंबर तर आणखी उशिरा लागला. पण त्याच पुणे-मुंबई लोहमार्गावर, तळेगाव दाभाडे इथे, 1908 मध्येच काचेची भट्टी पेटली होती. आणि तिचं भांडवल कुणा शेठजीच्या तिजोरीतून आलेलं नव्हतं.

अंताजी दामोदर काळे यांनी ठरवलं होतं की देशी उद्योग उभे करायचे आणि त्यासाठी माणशी एक पैसा मागायचा. तेव्हा रुपयाचे पैसे होत 64. जरा हिशेब करून बघा! हजार रुपये जमवायचे तर चौसष्ट हजार माणसांपुढे हात पसरायचा. टिळकांचं पाठबळ होतं खरं, पण दारोदार जाणं काही त्यानं टळत नाही. त्या फंडातून उभा राहिला तो 'पैसा फंड काच कारखाना'.

बरं, उद्योग निवडला तोही सोपा नव्हे. नुसती शुद्ध वाळू वितळवायची तर सुमारे 1700 अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोडा घातला की बऱ्याच कमी आचेवर भागतं. मात्र नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनाही हवा. त्या रसाचा गोळा नळीच्या टोकावर घेऊन फुंकायचा, आकार द्यायचा. तो निवतानाही घाई चालत नाही, भांडं तडकतं.

ही विद्या घेऊन आले ईश्वरदास वार्ष्णेय. उत्तर हिंदुस्थानातला हा तरुण आधी जपानला गेला, मग अमेरिकेत एमआयटीत शिकला, आणि तिथून थेट मावळातल्या या तळेगावात! त्याच 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावं लागलं. तळेगावातलं विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय सरकारने 1910 मध्ये बंद पाडलं. राष्ट्रीय शिक्षणाची ही शाळा सरकारच्या डोळ्यांवर आली होती.

काचेचं काम मात्र चालू राहिलं. इथे माल निघे, तशीच माणसंही तयार होत. हिंदी तरुणांना काचकाम शिकवणं हा फंडाचा मोठाच हेतू होता. वार्ष्णेय पुढे उत्तरेत परतले आणि बहजोईला त्यांनी स्वतःचा काच कारखाना काढला.