भोगीचे ताट वर्षभराचे व्हावे

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, महाराष्ट्रात घरोघरी जे अन्न शिजते त्याची योजना मोठी विचारपूर्वक झालेली दिसते. तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी आणि पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, शेंगदाणे, बोरे इत्यादी एकत्र शिजवून तिळाचे कूट घातलेली लेकुरवाळी भाजी, असे हे ताट असते. यांतील बहुतेक जिन्नस शिवारातलेच होत. खरिपाची बाजरी, तीळ व मूग या सुमारास घरात आलेले असतात आणि शेंगभाज्यांचा तर तो बहरच असतो. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण उगीच रूढ झालेली नाही.

आहारशास्त्राच्या कसोटीवरही हे ताट उतरते. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते १ मिलिग्रॅमही नसते. तेवढ्याच अखंड तिळांत १,००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. तृणधान्यातील प्रथिनांत जी उणीव असते ती मूग व पावटा भरून काढतात.

तथापि हे ताट वर्षातून एकदाच वाढले जावे, ही खेदाची गोष्ट होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अनेक घरांतील गृहिणी सर्वांच्या मागून जेवते व उरलेल्यावर भागवते. जिच्या हातची भाकरी सारे कुटुंब खाते, तिच्याच पानात भाजी व डाळ पुरेशी पडत नाही. ही रीत बदलल्यावाचून नुसते धान्य बदलून भागणार नाही.

शेतकरी बंधु-भगिनींनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात. विक्रीपूर्वी घरच्या वर्षभराच्या गरजेपुरती बाजरी, तीळ व कडधान्य बाजूस काढावे. बाजरीच्या पिठातील स्निग्धांशामुळे ते लवकर कडू होते. म्हणून एका वेळी चारपाच दिवसांपुरतेच दळावे. भाकरीसोबत लिंबू, आवळा किंवा पेरू खावा. त्यामुळे अन्नातील लोह अंगी अधिक लागते. जेवणास लागूनच चहा घेऊ नये. तो लोहाच्या शोषणास अडथळा आणतो. पेरणीसाठी ‘धनशक्ती’ या अधिक लोहयुक्त वाणाचा विचार करावा. हा वाण महाराष्ट्रात २०१२ पासून लागवडीत आला. तो संकरित नसल्यामुळे शेताच्या मध्यभागातील निरोगी, भरदार कणसे निवडून घरचे बी राखता येते. मात्र काही वर्षांनी शुद्ध बियाणे नव्याने आणावे.

राज्याच्या कृषी विभागाने २०२३ या आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्षी भोगीचा दिवस पौष्टिक तृणधान्य दिन म्हणून साजरा केला. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ त्या दिवसाच्या समारंभावर समाधान मानू नये. अंगणवाडीत व महिला मंडळांत ही माहिती सांगावी आणि पेरणीपूर्वीच्या शेतकरी सभेत घरच्या अन्नाचाही विषय घ्यावा. सणाचे ताट रोजच्या पंगतीला आले आणि त्यातील पहिला घास गृहिणीलाही मिळाला, तरच भोगी खऱ्या अर्थाने साजरी झाली असे म्हणता येईल.