वादळाची वही

3 जून 2020 हा दिवस आम्ही श्रीवर्धन तालुक्यातील माणसे विसरणार नाही. ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या. आठवीतल्या माझ्या मुलीला मी म्हटले, “पोरी, घाबरून बसू नको. जे दिसेल ते घड्याळ पाहून लिही.” त्या वहीचा आमच्या वाडीला काय उपयोग झाला, तो वाचक बंधू-भगिनींना सांगावा म्हणून हे चार शब्द.

सकाळी वारा आग्नेयेकडून, डोंगराच्या अंगाने येत होता. आपल्या उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की वादळाचे केंद्र साधारणपणे आपल्या डाव्या हाताला असते. मुलीने अंगणात तसे करून पाहिले. डावा हात समुद्राकडे झाला. संकट कोणत्या बाजूने येत आहे, हे तिला तिथेच कळले.

दुपारी पोफळी वाकून जमिनीला टेकू लागल्या. आम्ही सारे माजघरात बसलो. एकच्या सुमारास वारा मंदावला. शेजारचे काका पत्रे सारखे करायला शिडी घेऊन निघाले. आमची आई दारातून ओरडली, “दादा, वर चढू नको! वादळ अजून गेले नाही.” केंद्र जवळून जाताना वारा काही वेळ पडतो आणि मग उलट्या बाजूने येतो, हे म्हाताऱ्या माणसांना अनुभवाने ठाऊक होते. तसेच झाले. वारा समुद्राकडून आला. वहीत नोंद आहे : “1 वाजून 40 मिनिटे. काकांचे पत्रे गेले.” काका तेव्हा आमच्या माजघरात बसले होते.

पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळा तोंडावर म्हणून लोकांनी उसने पत्रे, ताडपत्री घालून घरे झाकली. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा म्हणाली, “घर तर शाबूत दिसते!” मग मुलीने वही पुढे केली. कोणाचे किती पत्रे गेले, कोणती भिंत किती वाजता पडली, सारे तिच्यात होते. त्यावरून घरांची नोंद झाली.

एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या वाडीतील पुष्कळ बायामाणसे दुसऱ्यांच्या पोफळीच्या बागेत रोजावर जातात. पडलेली झाडे मालकाच्या नावावर लागली. बुडालेल्या रोजाला रकानाच नव्हता. नवी पोफळ लावली तरी ती धरायला काही वर्षे जातात. तोवर त्या हातांनी काय करावे? मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर अशा माणसांची नावे लिहिली. ग्रामसभेत आम्ही ते पान वाचून दाखवले. मजुरी लगेच मिळाली नाही, पण बाग साफ करण्याचे काम आधी याच घरांना द्यावे, असे ठरले.

म्हणून सांगणे इतकेच. बंदरावर बावटा चढला की घरातील शाळकरी मुलांच्या हाती वही द्या. वाऱ्याची दिशा दर तासाला लिहावी. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने पाऊस मोजावा. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला तर हवामान खाते त्याला जोरदार पाऊस म्हणते. अमावास्या-पौर्णिमा जवळ असेल तर उधाणाची वेळ टिपावी. 2020 साली पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर, 5 जूनला होती. वाडीत आजारी कोण, एकटे कोण, गरोदर कोण, हे पहिल्या पानावर असावे. समुद्र पाहायला धक्क्यावर मात्र कोणी जाऊ नये. पाहायचे ते पक्क्या घराच्या आतून.

वादळ आपल्याला थांबवता येत नाही. पण आपल्या वाडीत काय घडले, हे आपण लिहिले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही.